गर्भपिशवीच्या तोंडाची जखम भरताना: एका शेतकरी नवऱ्याच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न असा आला आहे: "माझं वय 41, घरचीचं 36. यवतमाळ जिल्ह्यात राहतो, सहा एकर कोरडवाहू वावर, कापूस आणि तूर. गावात शिबिर झालं त्यात तिच्या पिशवीच्या तोंडावर पांढरा डाग निघाला. मोठ्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला तर सीआयएन 3 (कॅन्सरच्या आधीचा पेशींचा बिघाड) आलं. एचपीव्ही विषाणूमुळे होते म्हणाले. मग लीप (बिघडलेला भाग कापून काढण्याचं छोटं ऑपरेशन) केलं. आज अकरावा दिवस. आठवडाभर काळं काळं गेलं आणि काल सकाळपासून लाल रक्त जातंय. हा कॅन्सरच आहे का? माय म्हणते, पिशवीच काढून टाका, कटकट नको. हे माझ्यामुळे झालं का, की आणखी काही, मनात नको ते येतं. वेचणी सुरू आहे, ती वावरात कधी जाऊ शकेल? दोन लेकरांनंतर तिचं ऑपरेशन झालेलं आहे. मोठी मुलगी तेरा वर्षांची."

भाऊ, आधी रक्ताचं बोलू. बाकी सगळं नंतर.

वहिनींना आत्ताच विचारा, पॅड किंवा घडीचं कापड किती वेळात भिजतंय. दिवसाला तीन-चार बदलावे लागत असतील, पाळीच्या दुसऱ्या दिवशी जातं तेवढंच किंवा त्याहून कमी जात असेल, ताप नसेल, चालता-बोलता येत असेल, तर घाबरू नका. त्यांना आडवं होऊ द्या, आज उठबस कमी ठेवा आणि दर दोन तासांनी वाढतंय की कमी होतंय ते बघा. पण तासाभरात अख्खं पॅड ओलंचिंब होत असेल आणि पुढच्या तासात पुन्हा तसंच, लिंबाएवढ्या गाठी पडत असतील, किंवा उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर हे वाचणं इथेच थांबवा आणि 108 ला फोन लावा. रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका. दवाखान्यात शिरल्याशिरल्या पहिलं वाक्य हेच म्हणा: "लीप झालंय, अकरावा दिवस आहे." डिस्चार्जचा कागद हातात ठेवा. हे सांगितलं नाही तर पाळीच जास्त जाते आहे असं समजून चार गोळ्या देऊन घरी पाठवलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. नीट कळलं तर उपाय सोपा असतो: आत बघून रक्त थांबवणारं औषध लावतात, पट्टी दाबून ठेवतात, क्वचित एखादा टाका लागतो.

आता हे अकराव्या दिवशीच का झालं ते सांगते, कारण ते कळलं की निम्मी भीती जाते. लीपमध्ये तारेचं एक बारीक कडं असतं, त्यातून वीज जाते. पिशवीच्या तोंडाला तेवढ्यापुरती भूल देऊन, जिथे बिघडलेल्या पेशी आहेत तो भाग त्या कड्याने कापून काढतात. साधारण करंगळीच्या टोकाएवढा तुकडा निघतो. दहा-पंधरा मिनिटांचं काम. टाके घालत नाहीत. कापलेली जागा विजेनेच भाजून रक्त बंद करतात आणि वर मॉन्सेल नावाचा लोहाच्या क्षाराचा घट्ट, गडद लेप लावतात. म्हणजे आत एक उघडी जखम असते, वर लेप आणि खपली. तो लेप आणि जुनं रक्त मिसळून पहिला आठवडाभर बाहेर येतं, तेच तुम्ही लिहिलेलं काळं काळं.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई एसटीने चाळीसेक किलोमीटरवरून आली होती. ओपीडीत बाकी बाया उठून जाईपर्यंत कोपऱ्यात बसून राहिली. मग पदराखालून एक कॅरीबॅग काढली, तिच्यात घडी घातलेलं कापड. उलगडलं तर त्यावर चहाच्या गाळणीत उरतो तसा काळा, दाणेदार चोथा. "पिशवी सडून बाहेर येते न जी मॅडम?" तिने विचारलं. दोन दिवस ती जेवली नव्हती आणि घरात कोणाला सांगितलंही नव्हतं. चूक माझी होती. दहा मिनिटांच्या कामात मी सगळं केलं, पण काळं जाईल हे सांगायचं राहून गेलं. तेव्हापासून लेपाचं एक बोट मी पांढऱ्या गॉजवर पुसून आधीच दाखवते: बाई, हे असं दिसेल, घाबरायचं नाही.

गुडघा फुटला की त्यावर खपली धरते आणि आठ-दहा दिवसांनी सुटते, सुटताना थोडं रक्त येतं, तसंच हे आहे. पिशवीच्या तोंडावरची खपली साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान सुटते. तुमचा अकरावा दिवस बरोबर त्यात बसतो. एक-दोन दिवस लाल जाईल, मग गुलाबी, मग पाण्यासारखं पांढरं-पिवळसर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात डाग पडणं थांबतं, आणि चार ते सहा आठवड्यांत आतली जखम नव्या कातडीने झाकली जाते. पुढची पाळी थोडी जास्त किंवा एक-दोन दिवस लांबलेली येऊ शकते. काही दवाखान्यांत कापण्याऐवजी गोठवून किंवा गरम सळईने त्या पेशी जाळतात. त्यांच्यात रक्त कमी आणि पाणी जास्त जातं, कधी महिनाभर. तेही चालतं.

धोक्याची दुसरी खूण म्हणजे वास. जखमेच्या पाण्याला थोडा वास असतोच, पण सडका, नाक धरावंसं वाटणारा वास, सोबत ताप 100.4 च्या वर, किंवा ओटीपोटात सतत ठणका, असं झालं तर जखमेत जंतू झाले आहेत. दवाखान्यात दाखवून अँटिबायोटिक घ्यावं लागेल. मेडिकलवाल्याला विचारून दोन गोळ्या आणणं इथे उपयोगाचं नाही.

तुमच्याकडच्या रीती मला ठाऊक आहेत म्हणून स्पष्ट लिहिते. आत काहीही घालायचं नाही. तुरटीचं पाणी नाही, डेटॉल नाही, हळद नाही, कडुनिंबाचा काढा नाही, कापडाची वातही नाही. बोट घालून धुणं नाही. बाहेरून साध्या पाण्याने धुवावं, बादलीतल्या पाण्याने आंघोळ करावी, नदी-तळ्यात किंवा कॅनॉलमध्ये चार आठवडे उतरू नये. कापड वापरत असाल तर ते उन्हात, उघड्यावर वाळवा. साडीखाली झाकून, सावलीत, ओलसर वाळलेलं कापड ही जंतूंची सोय होते. दोरीवर जागा तुम्ही करून द्या, म्हणजे वहिनींना लपवायची वेळ येणार नाही.

जेवणाचं पथ्य काहीच नाही. वांगं चालतं, दही चालतं, अंडं चालतं. बाळंतिणीसारखं गरम-थंड बघत बसू नका. फक्त हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते आधीच कमी असेल तर साध्या रक्तस्रावानेही थकवा येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्या मिळतात. जेवणानंतर, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घ्याव्या, चहाबरोबर नाही.

आता काम. हे तुमच्या हातात आहे, भाऊ, त्यांच्या नाही. म्हणून तुम्ही प्रश्न विचारलात याचं मला फार बरं वाटलं. मी बायांना "महिनाभर जड उचलू नका" असं सत्तावीस वर्षं सांगत आले, आणि त्या मान हलवून घरी जातात, दुसऱ्या दिवशी नळ येतो, गुंड भरायचा असतो, घरात दुसरं कोणी उठत नाही. पंधरा लिटरचा भरलेला गुंड म्हणजे पंधरा किलो. सरपणाची मोळी त्याहून जड. आणि वेचणी ही तर या जखमेला सगळ्यात वाईट. कमरेला बांधलेली ओटी जसजशी भरते तसतसं ओझं ओटीपोटावरच लोंबतं, बाई दिवसभर त्याच ओझ्यासकट वाकते, आणि संध्याकाळी गाठोडं डोक्यावर घेऊन वजनकाट्यापर्यंत चालते. मजुरी किलोवर असल्यामुळे कोणी अर्ध्यावर थांबत नाही. पोटावर असा दाब आला, कुंथावं लागलं, की खपली वेळेआधी सुटते आणि थांबलेलं रक्त पुन्हा सुरू होतं. परवा तुमच्याकडे असं काही झालं होतं का, ते आठवून बघा.

चार आठवडे म्हणजे सगळं बंद करून खाटेवर पडणं नव्हे. स्वयंपाक, झाडलोट, तूर-डाळ निवडणं, लेकरांचं बघणं हे वहिनी दोन-तीन दिवसांनी करू शकतात आणि करावं. पाणी तुम्ही किंवा मुलगा भरा. धुणं पिळायला दुसरं माणूस हवं. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, पाणी भरपूर प्यायला लावा. मोटरसायकलवर खड्ड्याच्या रस्त्याने लांब जाणंही पहिले दोन आठवडे टाळा, दवाखान्याला जाण्याचं सोडून. हाताखाली माणूस नसेल तर वेचणीला एक बाई जास्त लावा. महिन्याभराची ती मजुरी उपचाराचाच खर्च समजून धरा. लीपचा दिवस ठरवताना हा हिशेब आम्ही डॉक्टरांनीच तुमच्यासमोर मांडायला हवा होता, खरीप-रब्बी बघून. तातडी नसते तेव्हा दोन-चार आठवडे मागेपुढे करता येतात. पण अनेकदा आमच्याकडे कोणी विचारत नाही आणि आम्हीही सांगत नाही.

नवरा-बायकोचा संबंध निदान चार आठवडे पूर्ण बंद, आणि त्यानंतरही तपासणीत जखम भरली असं डॉक्टरांनी सांगितल्यावरच. कच्च्या जखमेला घर्षण झालं तर रक्त येतं आणि जंतू आत जातात. हे वहिनींनी तुम्हाला सांगावं अशी वाट बघू नका. आमच्याकडच्या कितीतरी बाया हे बोलू शकत नाहीत आणि दहाव्या दिवशी रक्त घेऊन येतात. तुम्हीच एकदा म्हणून टाका की महिनाभर काही नाही. त्यानंतर पुढच्या तपासणीपर्यंत निरोध वापरा असं मी सांगते. निरोधाने एचपीव्ही पूर्ण अडत नाही, कारण तो कातडीच्या स्पर्शाने जातो, पण विषाणूचं येणं-जाणं कमी होतं आणि जखमेलाही त्रास होत नाही.

मग तुमच्या मनातला तो प्रश्न. तुम्ही तो अर्धवट लिहिला आहे, मी पूर्ण उत्तर देते. एचपीव्ही शरीरसंबंधातून येतो हे खरं. पण तो कोणाकडून आला आणि कधी आला हे सांगणारी कुठलीही तपासणी जगात नाही. लग्न झालेल्या किंवा संबंध आलेल्या बहुतेक बायका-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होतोच. त्याच्या दोनशेहून जास्त जाती आहेत. त्यातल्या चौदाएक जाती कॅन्सरच्या वाटेने नेऊ शकतात, आणि 16 व 18 नंबरच्या दोन जाती मिळून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे 70 टक्क्यांना कारण असतात. दहातल्या नऊ जणींच्या अंगातून तो दीड-दोन वर्षांत आपोआप निघून जातो, त्यांना कधी कळतही नाही. उरलेल्या एखादीत तो मुक्काम करतो, आणि पेशी बिघडायला पुढे कितीतरी वर्षं लागतात. म्हणजे आज सापडलेला विषाणू लग्नाच्या पहिल्या वर्षी आलेला असू शकतो, त्याआधी तुमच्या अंगात असू शकतो, मधली पंधरा वर्षं गप्प बसलेला असू शकतो. त्यावरून तुमच्या किंवा त्यांच्या वागण्याचा काहीही निवाडा होत नाही. माझ्या ओपीडीत या एका संशयावरून माहेरी पाठवलेल्या बाया आल्या आहेत. एकीचा नवरा रिपोर्ट माझ्या टेबलावर आपटून निघून गेला होता. तिच्या बिघडलेल्या पेशी बऱ्या झाल्या, घर झालं नाही. तुम्ही तसे नाही, हे तुमच्या प्रश्नातच दिसतं. म्हणूनच आज रात्री वहिनींना स्वतःहून सांगा की डॉक्टरांना विचारलं आणि यात कोणाचा दोष नाही. त्यांनी कदाचित हे तुमच्यापेक्षा जास्त मनाला लावून घेतलं असेल.

पुरुषांसाठी एचपीव्हीची नेहमीची तपासणी नाही आणि विषाणू मारणारं औषधही कोणासाठीच नाही. तुमच्या अंगावर त्या जागी मस-चामखिळीसारखं काही असेल तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, नाहीतर तुम्हाला काही करायचं नाही. एचपीव्ही बरा करतो म्हणून काढा, पावडर, "इम्युनिटी"च्या बाटल्या विकणारे आता गावापर्यंत पोचले आहेत. त्यांच्यावर एक रुपया घालू नका. आणि एचपीव्ही म्हणजे एचआयव्ही नव्हे. मात्र एचआयव्हीची एक तपासणी दोघांनीही करून घ्या, ग्रामीण रुग्णालयात ती फुकट होते. एचआयव्ही असलेल्या बाईला या कॅन्सरचा धोका सहा पट असतो आणि तिच्या तपासण्या लवकर-लवकर कराव्या लागतात. ताटवाटी, कपडे, संडास यांतून एचपीव्हीची काळजी करण्याचं कारण नाही. वेगळं बसवणं, वेगळं वाढणं यातलं काही करू नका.

बिडी ओढत असाल तर आता सोडा. धुरामुळे हा विषाणू अंगात टिकून राहतो आणि पेशी बिघडायला हातभार लागतो, हे पक्कं माहीत आहे. बायको स्वतः ओढत नसली तरी घरातला धूर तिच्याही अंगात जातो. खर्रा घरात कोणी खात असेल तर तोंडाच्या कॅन्सरसाठी तोच पुरेसा आहे, तोही बंद.

हा कॅन्सर आहे का? आतापर्यंतच्या तपासणीत तरी नाही, पक्कं शेवटच्या रिपोर्टवर कळेल. तुम्ही कापूसवाले आहात, तुम्हाला एका वाक्यात कळेल: गुलाबी बोंडअळीची अंडी बोंडावर असतानाच सापडली, अळी आत शिरायच्या आधी. सीआयएन 3 म्हणजे वरच्या थरातल्या पेशी पुऱ्या बिघडलेल्या, पण खालचा पडदा त्यांनी ओलांडलेला नाही. अळी एकदा बोंडात शिरली की फवारून उपयोग होत नाही, तसं पेशींनी पडदा ओलांडला की मग मोठी शस्त्रक्रिया, किरणांचा शेक, केमो. न्यूझीलंडमध्ये गेल्या शतकात अशा पेशी असलेल्या काही बायकांवर नीट उपचार झाले नाहीत, त्यांचा नंतर तीस वर्षं मागोवा घेतला गेला, तेव्हा दर दहांपैकी तिघींना कॅन्सर झालेला आढळला. म्हणजे हे सोडून देण्यासारखं नव्हतं, आणि तुम्ही सोडलंही नाही. लीप एकदा केल्यावर शंभरातल्या नव्वदहून जास्त जणी बऱ्या होतात.

मायला पिशवी काढायचं का वाटतं तेही मी समजू शकते. त्यांच्या पिढीत अंगावरून पांढरं गेलं, लाल गेलं, की कोणी तपासतच नव्हतं. 1989 मध्ये डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या बायकांची तपासणी करून जे छापलं त्यात शंभरातल्या 92 बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8. अशा जगात एकदाच शहरात जाऊन पिशवी काढून येणं हाच सोक्षमोक्ष वाटायचा. पण इथे तो सोक्षमोक्ष नाही. तुकड्याचा शेवटचा रिपोर्ट यायच्या आधी पिशवी काढली आणि आत खरोखर कॅन्सर लपलेला निघाला, तर ती शस्त्रक्रिया अपुरी ठरते, कॅन्सरसाठी वेगळी आणि मोठी करावी लागते, आणि पहिली झाल्यावर दुसरी फार अवघड होते. अशी एक बाई मी स्वतः नागपूरला पाठवली आहे. कुठल्याशा दवाखान्यात नुसतं पांढरं जातं म्हणून पिशवी काढली होती, तुकडा तपासायला पाठवलाच नव्हता. शिवाय पिशवी काढली तरी विषाणू योनीच्या कातडीत राहू शकतो, तपासण्या सुटत नाहीत. छत्तिसाव्या वर्षी, दहा मिनिटांत आणि थोडक्या जखमेत जे बरं होतं त्यासाठी पोटावर चिरा कशाला? पुढे कधी हे पुन्हापुन्हा उलटलं, किंवा पिशवीला दुसरा आजार निघाला, तर तो विचार तेव्हा करू. मायला हे माझ्या नावाने सांगा, आणि जमलं तर पुढच्या भेटीला त्यांनाच सोबत आणा. सासूला समोर बसवून सांगितलं की घरातली अर्धी कामं आपोआप होतात, पाणी भरण्यासकट.

मूल हवं असतं तर काय, हे तुम्ही विचारलं नाही, ऑपरेशन झालेलं आहे. पण हे वाचणारी कोणी तरुण मुलगी असेल तर तिच्यासाठी: लीपनंतर दिवस राहतात. दिवस पूर्ण भरायच्या थोडं आधी बाळंतपण होण्याची शक्यता किंचित वाढते, म्हणून गरोदरपणात पहिल्याच भेटीत लीप झाल्याचं सांगा.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लिहिते आहे ती. कापलेला तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत घालून तपासायला गेला आहे. त्याचा रिपोर्ट यायला दोनेक आठवडे लागतात आणि तो कोणी घरी आणून देत नाही, जाऊन घ्यावा लागतो. त्यात "मार्जिन" हा शब्द शोधा. कापलेल्या तुकड्याच्या कडा साफ असतील तर सगळा बिघडलेला भाग निघाला असं धरायचं. कडेला बिघडलेल्या पेशी आहेत असं लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ कॅन्सर राहिला असा नाही. अशा बऱ्याच जणी पुढे साफ निघतात, पण त्यांची तपासणी सहा महिन्यांतच करावी लागते, कधी पुन्हा लीप करावं लागतं. कडा साफ असल्या तरी वर्षाच्या आत एचपीव्हीची तपासणी झालीच पाहिजे. कुठे सहा महिन्यांनी करतात, जागतिक आरोग्य संघटना बारा महिन्यांनी सांगते. ती निगेटिव्ह आली की त्यानंतर वर्षाने पुन्हा एकदा, आणि मग ठरलेल्या अंतराने. सीआयएन 3 झालेल्या बाईला पुढची वीस-पंचवीस वर्षं इतरांपेक्षा थोडा जास्त धोका राहतो, म्हणून हे पाळी गेल्यावरही सोडायचं नाही.

माझ्या हातून सुटलेली एक बाई अजून डोळ्यांपुढे आहे. लीप चांगलं झालं होतं. चौथ्या आठवड्यात हसत आली, जखम भरली होती, मी म्हटलं वर्षाने या. ती कामासाठी कुटुंबासह दुसऱ्या जिल्ह्यात गेली, माझ्याकडे तिचा फोन नंबर नव्हता, रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढची ओळ रिकामी राहिली. पाचव्या वर्षी आली ती पाठीत दुखतं म्हणून, पायाला सूज घेऊन. तपासायला हात लावला आणि कळलं. तेव्हापासून मी "वर्षाने या" असं म्हणत नाही, सण विचारते. तुमचं लीप आत्ता वेचणीच्या दिवसांत झालं, तर तुमची तपासणी पुढच्या दिवाळीच्या आधी, नवा कापूस घरात यायच्या आत. आशाताईंना ती तारीख सांगून ठेवा, त्यांच्या वहीत लिहून घ्या. आणि रिपोर्ट, डिस्चार्जचा कागद, हे सगळं जिथे सातबारा आणि बँकेचं पासबुक ठेवता त्याच फाईलमध्ये ठेवा, कारण तेवढी एक फाईल घरात कधी हरवत नाही.

तपासणीला जवळ काय आहे ते तुमच्या गावावरून ठरेल. यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचं मेडिकल कॉलेज, या ठिकाणी स्त्रीरोग विभागात हे होतं. जिथे लीप झालं तिथेच गेलात तर उत्तम, त्यांच्याकडे आधीचं सगळं असतं. गावातल्या इतर बायांनाही सोबत न्या. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने तपासून घ्यावं. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, सव्वा लाखांहून जास्त खेड्यातल्या बायकांवर मोठा अभ्यास झाला आणि 2009 मध्ये तो छापून आला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. आपल्याच राज्यातल्या, आपल्यासारख्याच वावरात राबणाऱ्या बाया होत्या त्या.

तेरा वर्षांच्या मुलीला लस द्या. ती 9 ते 14 या वयात सगळ्यात चांगली लागते, विषाणूशी गाठ पडायच्या आधी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्वाव्हॅक या लशीला 2022 मध्ये परवानगी मिळाली. त्या वयात तिचे दोन डोस. आरोग्य केंद्रात तिच्या वयाला फुकट मिळते का ते आधी विचारा. लशीने मूल होत नाही असं कोणी म्हणेल, ते खोटं आहे. वहिनींना झालेलं ती लस बरं करणार नाही, म्हणून पैसे मोजके असतील तर आधी मुलीला. आणि लस घेतली तरी तिशीनंतर तिचीही तपासणी व्हायला हवी.

वेचणीचं शेवटी. आज अकरावा दिवस, म्हणजे अजून किमान अडीच आठवडे वावर नाही. हे रक्त थांबल्यावरही नाही. थांबलं म्हणजे भरलं असं होत नाही. चौथा आठवडा संपला की दवाखान्यात न्या, डॉक्टर आत बघतील. जखम भरली असेल तर जाऊ द्या, पण पहिले चार-पाच दिवस ओटी अर्धी भरली की रिकामी करायची, आणि गाठोडं तुम्ही उचलायचं. त्या दिवसांत पुन्हा लाल दिसलं तर एक आठवडा आणखी घरी.